गल्लीची रेंज आणि आमचं वाळवण

वडील वारल्याची बातमी मला फुलंब्रीहून मोटारसायकलवर आली.

मी घरातच होतो. फोन चार्ज केलेला होता, हातातही होता. पण बीड बायपासच्या पलीकडं आमची जी नवी इमारत झाली, तिच्या भिंतींतून रेंज काही आत यायला तयार नव्हती. (बिल्डर म्हणाला होता, भिंती मजबूत आहेत. तेवढं एक तो खरं बोलला.) काका दारात उभे राहिले, हेल्मेट काढलं आणि रडायच्या आधी म्हणाले, "सकाळपासून लावतोय. फोन कशाला घेतलास रे? पाटा-वरवंटा घ्यायचा, चटणी तरी झाली असती." मग आम्ही दोघं दारातच बसून रडलो.

वर्ष सरत आलं. आई आमच्याकडं राहायला आली. त्या साली पाऊस आलाच नाही. शहर आमच्या इमारतीपर्यंत पोचलं होतं, नळ पोचला नव्हता. सगळी गल्ली टँकरवर. टँकरवाला बबन बायपासवरून फोन करायचा. उचलला तर आत वळायचा, नाही उचलला तर सरळ पुढच्या कॉलनीत. त्याला नावं ठेवून उपयोग नव्हता, तिथंही माणसंच तहानलेली होती. गल्लीनं त्याला नंबर दिला होता माझा, कारण मी वाळूजला कंपनीत, म्हणजे शिकलेला माणूस. टँकरच्या दिवशी हा शिकलेला माणूस गच्चीवर, टाकीशेजारी फोन उंच धरून उभा असायचा. इमारतीत खात्रीची रेंज तेवढ्या एका जागी होती, खाली गल्लीत ती येऊन-जाऊन असायची.

बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं. अख्खी भावकी येणार. आई म्हणाली, "जाताना त्यांच्या तोंडात पाणी घालायला तू नव्हतास. आता तरी घरात पाणी असू दे, दिलीप."

ते लागलं मला. मी बाजारातून रेंज वाढवायचं यंत्र आणलं. एक अँटेना गच्चीवर खांबाला, एक घरात कपाटावर, मधे डबा आणि वायर. दुकानदारानं बजावलं, "दोन्ही अँटेने एकमेकांपासून लांब ठेवा." मी नीट ऐकून घेतलं. घरात कुणाला सांगायचं राहिलं.

दिवसभर घरात रेंजच रेंज. वाळूजच्या साहेबांचा फोन मी संडासात बसून घेतला. इतका सुखी मी त्या वर्षात झालो नव्हतो.

संध्याकाळी अख्ख्या गल्लीची रेंज गेली. आमचीही. सकाळी आपोआप आली, संध्याकाळी पुन्हा गेली. खालच्या मजल्यावरचे शेखचाचा वर आले. "दिलीपभाई, दामाद रोज शाम को दुबई से फोन करता, मैं नीचे गल्ली में जाके उठाता. दो दिन से कुछ आवाज नहीं."

"चाचा, चोर आहे मोबाइल कंपनी. संध्याकाळी टॉवर बंद करून लाइट वाचवतात." (हे मी कुठं वाचलं नव्हतं. तोंडातून येत गेलं.)

गल्लीला ते पटलं. चार माणसं घेऊन मी कंपनीच्या ऑफिसात गेलो, टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, "तिथं माणसं राहतात, जनावरं नाहीत." परत येताना मला जरा उंच झाल्यासारखं वाटत होतं.

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी इंजिनिअर यायचा होता आणि बबनचीही पाळी होती. चाचा म्हणाले, "एक आदमी बायपास पे खडा करो." मी म्हणालो, "कशाला? आज रेंज येणारच."

इंजिनिअर हातात चपटा अँटेना घेऊन गल्लीत फिरू लागला. तो वळेल तिकडं गल्ली वळायची. सगळ्यांत पुढं मी. "सरका, साहेबांना काम करू द्या." साहेब आमच्या इमारतीत शिरले. "बघा, आमच्याच इमारतीवर राग आहे यांचा," मी म्हणालो. साहेब जिना चढले आणि माझ्या दारापुढं थांबले. कुलूप मीच काढलं. घरात घोटभर पाणी नव्हतं, तरी "पाणी घ्या" म्हणालो. ते सरळ कपाटाशी गेले.

कपाटावर पापडाचं टोपलं, सांडग्याचं टोपलं आणि मधे दोन्ही अँटेने, तोंडाला तोंड लावून. वायर छान गुंडाळून ठेवलेली.

"हा गच्चीवरचा आत कुणी आणला?"

"मी," गर्दीतून पुढं येत आई म्हणाली. "रोज वाळवणासंगं आणते, सकाळी नेऊन बांधते. एवढी महागाची वस्तू, बाहेर ठेवतेत व्हय? कुणी चोरून नेली तर? आन् जोडी होती ती. एक बाहेर, एक घरात. म्हटलं, रात्री तरी सोबत असावी."



इंजिनिअरनं शांतपणे समजावलं. एकाचं ओरडणं दुसरा ऐकतो आणि त्याहून मोठ्यानं ओरडतो. त्या गोंगाटात टॉवरला गल्लीतल्या कुणाचंच ऐकू जात नाही. शिवाय असलं यंत्र परवानगीशिवाय लावता येत नाही. त्यानं यंत्राची पिन काढली. लगेच खाली गल्लीत फोन वाजायला लागले. मी गच्चीवर पळालो. बबनचे मिसकॉल येऊन पडले होते. मी उलट फोन लावला.

"लई लावला साहेब," तो म्हणाला. "पुढं रिकामा केला. आज आता नाय जमत."

मी टाकीला टेकून खाली बसलो. बाप तोच, फोनही तोच, आणि पाण्याला मी पुन्हा नव्हतो.

सकाळी दार वाजलं. शेखचाचा अर्धी बादली घेऊन उभे होते. "पीने का है. छान के लाया." त्यांच्यामागं कुणी हंडा, कुणी कळशी. समोरच्या वहिनी कळशी ठेवता ठेवता म्हणाल्या, "कंपनीला सांगू नका बरं, चोर आहेत ते." मला वर बघवेना. श्राद्ध नीट पार पडलं. काकांनी तांब्या तोंडाला लावला आणि विचारलं, "गोड आहे पाणी. बोअरचं का?"

"गल्लीचं," आई म्हणाली आणि डोळे पुसले.

यंत्र आता माळ्यावर आहे. बबनकडं नंबर अजून माझाच, ती गल्लीनं दिलेली शिक्षा. टँकरच्या दिवशी गच्चीवरच्या त्या मोकळ्या खांबाला टेकून मी फोन धरून बसतो. ऊन उतरलं की आई येते, पापड उचलते, सांडगे उचलते आणि निघते. एकदा मी विचारलं, "आणि मला?"

"बस की," ती म्हणाली. "तुला कोण चोरतंय?"