मामांचा राहिलेला जुलै

अख्ख्या नाशकात केंड माशाच्या बाळंतपणाची काळजी वाहणारा एकच माणूस आहे आणि तो आमच्या नात्यात आहे. माझ्या बायकोचे मामा. केंड म्हणजे डिवचला की टम्म फुगणारा, विषारी म्हणून कोळी जाळ्यातून काढून फेकतात तो समुद्रातला मासा. नाशकाला समुद्र नाही, हे मामांना अजून कोणी सांगितलेलं नसावं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी दर महिन्याला एका सकाळी ते पिशवी घेऊन इथल्या द्वारका चौकात मुंबईच्या मासळीच्या गाडीची वाट बघत उभे. मासेवाली मावशी त्यांची पेटी उतरवता उतरवता म्हणते, "सर, लोक फेकून देतात ते तुम्ही लय जपून नेता!" मामा खूश होऊन तिथंच झाकण उघडतात आणि पोटाचा घेर दाखवून मादी कशी ओळखायची ते तिला समजावू लागतात. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून थकतात.

फोनवर जयभीम झाला की तब्येतीची बातमी मिळते, पण ती केंडाची. आतड्यात किती जंत निघाले, कल्ल्यांना काय चिकटलं होतं, हे ते इतक्या कौतुकाने सांगतात की त्या जंतांकडे एकदा जेवायला जाऊन यावंसं वाटतं. मामींनी फ्रिजवर ठळक अक्षरांत 'वरच्या कप्प्यातलं खाऊ नये' असं लिहून ठेवलंय. "मी चक्कर येऊन पडले तर हे आधी नमुन्याची डबी शोधतील," असं त्या पाहुण्यांना सांगतात, आणि डब्यांवर महिन्यांची नावं मात्र त्याच घालतात.

मी कळवणहून मुलगी बघायला आलो तो याच घरात. पोहे यायच्या आधी मामांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. "बघा, अंडाशय. काय दिसतं?" मला माझीच पापणी दिसत होती. लग्न मोडू नये म्हणून मी म्हणालो, "वा, फार सुंदर!" मामांनी आत पोह्यांसाठी हाक दिली. लग्न झालं.

त्यांचं खरं दुखणं होतं जुलै. मामांचा अंदाज असा, की केंडाची मादी ऐन पावसाळ्यात अंडी घालते. पण पावसाळ्यात मोठ्या बोटी बंद, म्हणजे नेमकी तेव्हाच पेटी येत नाही. रजिस्टरात दर वर्षी जुलैचा रकाना कोरा. त्यात मामांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. मामा नुसतं "बरं" म्हणाले, त्याचंच मला फार वाईट वाटलं.

आणि या जुलैत मासेवाल्या मावशीचा फोन आला. तिच्या भावाच्या छोट्या होडीला किनाऱ्यालगत एक केंड मिळाला होता. मामांनी तो नुसत्या हातांच्या अंदाजाने, पण एकही चीर न चुकवता कापला, अंडाशयाचा तुकडा काचेवर ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "जावईबापू, काय दिसतं? आणि या वेळी खरं सांगा."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी हात पुसून डोळा लावला. बराच वेळ पुन्हा पापणीच. मग हळूहळू दिसायला लागलं. "अंड्यांचे मोठे पिवळे दाणे नाहीत मामा. रिकाम्या, सुरकुतलेल्या पिशव्या आहेत. एखादा दाणा मागे राहिलाय."

मामांनी त्या माशाच्या पोटावरून अंगठा फिरवला. "मोकळी झाली बिचारी," ते म्हणाले. मग नाक शिंकरून, एकदम मास्तर होऊन, "एकीवरून काही ठरत नाही. पण लिहा."

मी जुलैच्या रकान्यात लिहिलं. मामांनी त्या ओळीवरून सावकाश बोट नेलं आणि विचारलं, "पुढच्या जुलैला याल ना?"