नकाशातला उत्तरेचा प्रांत

एका रविवारी माझी पत्नी वारली.

जुळे सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत तिचं मंडळ भरत असे. एका परदेशी लेखकाच्या अद्भुत कादंबऱ्या तेवढ्या वाचणारं मंडळ. सभासद बहुतेक शिक्षक नाहीतर बँकेतले. मी तिला स्कूटरवर सोडायचो आणि खाली वर्तमानपत्र वाचत बसायचो. लेखकानं कल्पिलेल्या राज्याचा नकाशा तिनं कापडावर काढला होता. एखादं प्रकरण वाचून झालं की त्यात आलेली नदी, गाव, घाट, तेवढंच ती भरायची. पुस्तकात नाही ते नकाशात नाही, हा मंडळाचा नियमच होता. उत्तरेकडच्या प्रांतातून कोणी परत आलं नाही, एवढंच लेखकानं लिहून ठेवलेलं. म्हणून तो प्रांत कोरा. आजारपणातही ती नकाशाला हात लावायची, पण तिथं तिनं टिंबसुद्धा दिलं नाही.

शोकसभेला जिना चढून वर गेलो, तर समोर फ्लेक्स. नकाशा तिचाच, पण उत्तरेला सोनेरी महाल, त्याच्या गच्चीवर तिचा फोटो आणि खाली ओळीनं पदाधिकारी, हात जोडलेले. नव्या फ्लेक्सचा उग्र वास खोलीभर पसरला होता. त्यात कुणी गरम समोसे आणलेले.

अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सर, वहिनी आता तितंच पोचल्या की."

"तो भाग तिनं मुद्दाम सोडला होता."

"कोरं बरं दिसंना. फ्लेक्सवालाबी म्हणाला, जागा वाया चाललीय."

मग मला दिलासा म्हणून त्यांनी सांगितलं, की मूळ कापडावरही असाच महाल रंगवून घ्यायचा आहे. पेंटर ठरला होता.

भाषणं सुरू झाली. जो उठला त्यानं तिला महालात नेऊन बसवलं. ती गच्चीतून आपल्याकडे बघते आहे, असं एकानं म्हटल्यावर टाळ्या पडल्या. उत्तरेतून कोणी परत आलं नाही, हे एक वाक्य ह्या सगळ्यांनी तिच्याबरोबर बसून वाचलं होतं. इतकी वर्षं हे लोक काय वाचत होते, ह्याची मला किळस आली.

मी उठलो, भिंतीवरचं तिच्या नकाशाचं कापड उतरवलं आणि गुंडाळलं.

"सर, ते मंडळाचं आहे," अध्यक्ष म्हणाले.

मी गुंडाळी काखेत धरून जिना उतरलो.

नकाशा आता तिच्या कपाटात आहे. उत्तरेचा प्रांत कोरा आहे.