भिकनआबांची वळणदार सही

भिकनआबांचा मला राग येतो, आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही. तीस वर्षं आम्ही शेजारी. आबा खानदेशातल्या पारोळ्याकडून सुरतेला आले, लिंबायतला लूम चालवता चालवता एका कानाने बहिरे झाले, आणि काम सुटल्यावर आमच्या पोलीस चौकीचे कायमचे पंच होऊन बसले.

इथे दारूबंदी. धाड पडली की पंचनामा हवा, आणि त्याखाली वस्तीतल्या दोन भल्या माणसांच्या सह्या हव्यात. ही रीत इंग्रजांची. त्यांचा आपल्याच शिपायांवर विश्वास नव्हता, म्हणून शिपायावर नजर ठेवायला त्यांनी पंच बसवला. मी शाळेत मुलांना हे शिकवत असे. आमचा हा पंच मात्र चौकीच्या बाकावर फुकटचा चहा पीत कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायचा. मजकूर मागाहून पोलीस भरत. ते त्यांना ‘पंचसाहेब’ म्हणत, आणि म्हातारा तेवढ्यावर खूश. “मास्तर, आपली सही कोर्टात चालते,” असं मलाच ऐकवायचे.

त्यांचा मुलगा गजेंद्र मिलमागच्या अड्ड्यावर पिऊन पिऊन पिवळा पडला होता. आता थेंबसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नवरा अड्ड्यापासून तुटेना, तेव्हा त्याची बायको वर्षा हिने अड्डाच बंद पाडायचं ठरवलं. अड्ड्याचा हप्ता चौकीत पोचतो हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून तिने थेट वरच्या साहेबांकडे अर्ज केला. तो मीच लिहून दिला. साहेबांनी तो चौकशीसाठी धाडला. कुठे? त्याच चौकीत!

महिन्याने उत्तर आलं. जागेची तपासणी केली, अड्डा आढळला नाही. सोबत पंचनाम्याची नक्कल. खाली सही भिकनआबांची.

“आबा, तुम्ही गयथात का तठे तपासणीले?” वर्षाने सासऱ्याला विचारलं.

“नही वं माय.”

“मंग चला मनासंगे. साहेबले सांगा, सही कोरा कागदवर करेल व्हती.”

मीही हात जोडले. एक सही खोटी म्हटली की सगळ्याच खोट्या ठरतील, पोलीस आत टाकतील, ही त्यांची भीती. भीती खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण चौकीतला बाक सुटेल हेही त्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं. “बघू,” म्हणाले. बघू बघू करत सतरा दिवस गेले, आणि गजेंद्र गेला.

सरकारी दवाखान्यात शवागाराबाहेर चौकीतला हवालदार पंचनाम्याचा कागद घेऊन आला. या वेळी मजकूर आधीच भरलेला होता.

“काका, सही.”

“क्या लिखा है, साहब?” इतक्या वर्षांत आबांनी पहिल्यांदा विचारलं.

“अरे काका, आज पढ के करोगे?” हवालदार हसला.

आबांनी खिसा चाचपला. चष्मा घरी राहिला होता. सहीसाठी तो त्यांना कधी लागलाच नव्हता. मग मी वाचून दाखवलं. आजारपणामुळे मृत्यू, दारूचा काही संबंध नाही.

“सही नहीं तो बॉडी कल मिलेगी,” हवालदार म्हणाला.

आबा सुनेकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

“करा सही, आबा,” वर्षा म्हणाली. “तुम्हले सवय शे.”

त्यांनी केली. नेहमीसारखीच वळणदार आली.