मध्यंतराची बारा मिनिटं

"तुला विचारलंय का कुणी?" मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला. "कुणी येऊन विचारलंय का, आई?"

"नाही विचारलं."

"मग झालं तर!"

"झालं कसं? नकाशा चुकलाय."

"चुकू दे ना! नकाशा काढणाऱ्याचा नकाशा चुकला, तू कशाला मधे कडमडतेस?"

आई, म्हणजे बाहेरच्या सगळ्यांची मावशी, कांदा चिरत होती. भांडताना तिला हाताला काहीतरी काम लागायचं. शिवाय कांद्याचा फायदा असा, की डोळ्यांत पाणी आलं तरी समोरच्याला वाटत नाही आपण जिंकलो.

सून बुटांच्या दुकानातून नुकतीच आली होती, पर्स अजून खांद्यावरच होती. तिने नवऱ्याची बाजू घेतली. असं वर्षातून फार तर दोनदा व्हायचं. "आई, सत्तावीस वर्षं उभ्याने काढलीत तुम्ही. आता कुठे सुपरवायझर म्हणून यादीत नाव आलंय. खुर्ची, टेबल, खिडकीची खोली. साठ माणसांतली बावीस ठेवणार आहेत ते, आणि तुम्ही आपण होऊन जाऊन सांगणार, की साहेब, मी सत्तावीस वर्षं नियम मोडत होते?"

"सत्तावीस नाही. पहिली चार वर्षं मला सुचलंच नव्हतं."

"तेवीस," वर्तमानपत्राच्या मागून मावशीचा नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, आता निवृत्त. "साहेबांना आकडा बरोबर सांग. नोकरी घालवली, पण बाई आकड्याला पक्की होती, असं तरी म्हणतील."

"तुम्ही पेपर वाचा."

"वाचतोय. तुझ्याच स्टेडियमबद्दल आहे."

खरंच होतं. शहराचं बंदिस्त स्टेडियम बावन्न वर्षांचं झालं होतं. सामने, गाण्याचे कार्यक्रम, पदवीदान, भाषणं, एकदा तर कुत्र्यांचं प्रदर्शन, सगळं त्या एका छपराखाली व्हायचं. छप्पर दोन ठिकाणी गळत होतं. खुर्च्यांच्या स्प्रिंगा अशा, की बसणारा उठला की खुर्ची टाळी वाजवायची. डागडुजीला नगरपालिकेकडे पैसा नव्हता, म्हणून एका खासगी कंपनीशी भागीदारी ठरली. कंपनी सगळं नव्याने बांधणार, तीस वर्षं चालवणार आणि मग शहराला परत देणार. हे घरात समजावून सांगण्याचं काम नवऱ्याने एका वाक्यात उरकलं होतं. "घरजावई आणलाय. घर आपलं, रंग त्याचा, आणि तीस वर्षं दिवाणखान्यात पाय पसरून बसणार तो."

"तीस वर्षांनी जाईल ना पण?" सुनेने विचारलं होतं.

"घरजावई जातो होय कधी?"

या स्टेडियमच्या पूर्वेच्या अंगाला बायकांचं स्वच्छतागृह होतं, आणि तिथे मावशी होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी सगळ्यांची ती मावशी. तिच्या राज्यात फरशी कोरडी असायची, आरसा लख्ख, आणि तिच्या एप्रनच्या खिशात पिना, बटणं, दोन रंगांचा दोरा. पदवीदानाच्या दिवशी तिने कितीतरी डॉक्टरांचे आणि वकिलांचे फाटलेले झगे उभ्या-उभ्या टाचून दिले होते.

पण तिची खरी करामत मध्यंतरातली. मध्यंतर बारा मिनिटांचं. बायकांकडे पूर्वेला नऊ संडास, पश्चिमेला नऊ. तेवढ्या वेळात रांग काही संपायची नाही. शेजारी पुरुषांकडे मात्र माणसं आली काय, गेली काय, वारा वाहत असायचा. चार वर्षं मावशीने हे बघितलं. पाचव्या वर्षी एका गरोदर बाईला रांगेत रडताना बघून तिने पुरुषांच्या दाराशी बादली ठेवली, फडका आडवा टाकला आणि पाटी लावली – 'सफाई चालू आहे. कृपया पश्चिमेकडे जावे.' पुरुष मुकाट्याने पश्चिमेकडे वळले. जगातल्या कुठल्याही पुरुषाला ओल्या फरशीचा धाक असतो, तो त्याला आईने तीन वर्षांचा असतानाच घातलेला असतो. पुरुष गेले, बायका आत शिरल्या, आणि घंटा झाली तेव्हा रांग संपलेली होती. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला हेच. स्टेडियमच्या व्यवस्थापकाला ती बादली कधी दिसली नाही, कारण मध्यंतर झालं की तो न चुकता चहाला जायचा.

कंपनी आली तसे नकाशेवाले साहेब आले. पंचेचाळिशीचे, सभ्य, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि तोच सगळीकडे शोधणारे. त्यांनी प्रत्येक दाराच्या चौकटीवर काडेपेटीएवढी एक डबी बसवली. डबी म्हणजे डोळा. दारातून गेलं कुणी, की मोजलं. चार महिने डोळ्यांनी मोजलं, आणि मग तिकीटखिडकीसमोरच्या भिंतीवर नवा नकाशा लागला. लोकांनी बघावा, सूचना कराव्यात.

मावशीने तो काल दुपारी बघितला. पूर्वेकडचं बायकांचं स्वच्छतागृह नकाशात नव्हतंच. तिथे कॉफीचा काउंटर होता. पुरुषांचं मात्र दुप्पट मोठं केलं होतं. बायकांना अठराच्या जागी दहा संडास. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं – 'मोजणीनुसार मध्यंतरात पुरुष स्वच्छतागृहांवर प्रचंड ताण. महिला स्वच्छतागृहांत रांग आढळली नाही.'

तिने दोनदा वाचलं. आधी तिला हसू फुटलं. मग तिने तिसऱ्यांदा वाचलं. तेवीस वर्षं जिने बायकांची सोय केली, तिनेच आता पुढच्या तीस वर्षांची गैरसोय करून ठेवली होती. डब्यांनी तिच्या बायका पुरुष म्हणून मोजल्या होत्या.

"मुळात," मुलगा म्हणाला, "नवं स्टेडियम झाल्यावर तू खुर्चीत बसणार. रांगेत कोण उभं राहणार? तू नाही."

"मी नाही," मावशी म्हणाली आणि कांद्याची ताटली सरकवली. कांदे संपले होते, त्यामुळे भांडण तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टेडियमच्या जिन्याखालच्या ऑफिसात गेली. नकाशेवाले साहेब आणि व्यवस्थापक दोघंही होते. तिने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, पाटीवरच्या अक्षरांसकट.

साहेबांनी छातीवर लोंबणारा चष्मा टेबलावर शोधला. "मावशी, आकडे खोटं बोलत नाहीत हो."

"नसतील बोलत. पण तुमच्या डबीला बाई-पुरुष कळतात का?"

साहेबांनी दाराच्या चौकटीवरच्या डबीकडे बघितलं. व्यवस्थापकाने घसा साफ केला. "हे बघा, तुम्ही हे बोललात, मी ऐकलं नाही. पण साहेबांनी ते कागदावर घेतलं, तर मला ऐकावं लागेल. मग कारवाई आली. आणि सुपरवायझरच्या यादीत तुमचं नाव ठेवायचं की नाही, तेही मला बघावं लागेल."

"घ्या कागदावर," मावशी साहेबांना म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

साहेबांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं. "नुसत्या तुमच्या बोलण्यावर मला नकाशा बदलता येणार नाही. रविवारी दुपारी शाळांची समूहगायनाची स्पर्धा आहे ना? त्या दिवशी बादली लावू नका. मी स्वतः मोजतो. मगच कागद."

रविवारी घरातले सगळे आले. "मी फक्त बघायला आलेय," सून म्हणाली. "माझं मत बदललेलं नाही."

अकरा शाळा, म्हणजे अकरा शाळांच्या आया, मावश्या, आत्या आणि आज्या. मध्यंतराची घंटा झाली आणि सगळ्या खुर्च्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांत रांग दारातून बाहेर आली, चौथ्या मिनिटाला जिना उतरली, पाचव्याला तिकीटखिडकीला वळसा घालून पोस्टरांपर्यंत गेली. मावशी हात पाठीमागे बांधून उभी होती. हात मोकळे ठेवले असते तर ते आपोआप बादलीकडे गेले असते.

"मावशी, आज बादली कुठंय?" रांगेतली पहिली म्हणाली.

"आज नाही."

"नाही म्हणजे?"

"अगं, मावशी बादली नाही म्हणतात!" पहिलीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि ती बातमी जिना उतरून खाली गेली. खालून वर एकच गलका आला. "बादली! बादली कुठंय?" काठी टेकत आलेल्या एका आजींनी तर व्यवस्थापकालाच धरलं. त्या दिवशी त्याला चहाला जायला जमलं नव्हतं. "दहा वर्षं येतेय मी नातवंडांना ऐकायला. मावशीच्या बादलीच्या भरवशावर तर पाणी पिते मी घोटभर! काढली कुणी ती? तुम्ही?"

"बादली? कसली बादली?" व्यवस्थापक म्हणाला.

रांगेतल्या सगळ्या बायका त्याला हसल्या. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

नकाशेवाले साहेब रांगेच्या कडेने चालत मोजत होते. पंचाण्णव झाल्यावर ते अडखळले. शहाण्णवाव्या जागी कंपनीच्या मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांची भाची तिसऱ्या शाळेकडून गात होती.

"काय मोजताय तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"आपली चूक," साहेब म्हणाले. "सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव…"

एकशे त्रेचाळीसवर रांग संपली. मध्यंतर संपल्याची घंटा व्हायला चार मिनिटं उरली होती. साहेबांनी जिना चढून मावशीकडे बघितलं. मग कुणाला काही न विचारता कोपऱ्यातली बादली उचलली आणि पुरुषांच्या दाराशी नेऊन ठेवली, कोटाच्या बाहीवर पाणी सांडत.

"तिथे नाही, साहेब. मधोमध," मावशी म्हणाली. "आणि फडका आडवा."

पाटी मात्र सुनेने उचलली. पर्स सासऱ्याच्या हातात दिली आणि दारात उभी राहून, दुकानात सेलच्या दिवशी लावते तो आवाज लावला. "पश्चिमेकडे! सगळ्यांनी पश्चिमेकडे! फरशी ओली आहे!"

"कोरडी तर दिसतेय," एक माणूस वाकून म्हणाला.

सुनेने बादलीतला मग उचलला आणि फरशीवर ओतला. "आता?"

माणूस पश्चिमेकडे गेला. त्याच्या पाठोपाठ बायकोची बादली, सुनेची पर्स आणि स्वतःची गरज अशा तिहेरी पेचात सापडलेला मावशीचा नवराही गेला. "आयुष्यभर लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सोडवलं," तो जाता जाता म्हणाला, "आणि आज घरच्यांनीच मला अडवलं!"

त्या दिवशी मध्यंतर बारा मिनिटांचं एकवीस मिनिटांचं झालं. पण घंटेनंतर एकही खुर्ची रिकामी नव्हती.

पंधरा दिवसांनी भिंतीवर दुसरा नकाशा लागला. बायकांना तीस. पूर्वेकडचं सगळं त्यांचं. कॉफीचा काउंटर जिन्याखाली. मावशीला व्यवस्थापकाने लेखी ताकीद दिली. टाइप केलेला कागद, शिक्का, सही, आणि सहीखाली पेनाने एक ओळ – 'माझ्या पत्नीने आपले आभार कळवले आहेत.' यादीतलं नाव कुणी काढलं नाही. मोठ्या बाईंनीच काढू दिलं नाही म्हणतात.

स्टेडियम अठरा महिन्यांसाठी बंद झालं. बावीस जणांना त्या काळापुरतं कुठे काम द्यायचं, याची पत्रं आली. मावशीच्या पत्रात दोन चौकोन होते. एका चौकोनावर खूण करून एक प्रत परत द्यायची, एक आपल्याकडे ठेवायची. पहिला – नगरपालिकेची अभिलेख खोली, बसून काम, घरापासून दहा मिनिटं. दुसरा नकाशेवाल्या साहेबांनी मागून घेतलेला – कंपनी आणखी तीन गावांतली जुनी सभागृहं नव्याने बांधत होती, तिथे जाऊन मध्यंतरात दाराशी उभं राहायचं आणि नकाशात काय चुकलंय ते सांगायचं. आठवड्यातले तीन दिवस बाहेरगावी.

रात्रीच्या जेवणाला ते पत्र टेबलावर भाताच्या भांड्याला टेकून उभं होतं. सगळे पहिल्या चौकोनाबद्दलच बोलत होते.

"अभिलेख खोलीत धूळ असते," मुलगा म्हणाला. "पण पंखा आहे. मी बघून आलोय."

"पाठीला उशी लागेल," नवरा म्हणाला. "माझी ती निळी घे. नाहीतरी तिच्यावर मांजरच झोपतं."

"दुपारी घरी जेवायला येता येईल आईंना," सून म्हणाली. "आणि मलाही गरम मिळेल."

"म्हणजे हे तुझ्या जेवणासाठी चाललंय होय!" मुलगा हसला.

"मग? तुझ्या हातचं खाऊ?"

"आणि ते दुसरं काय लिहिलंय," नवऱ्याने चष्म्यातून वाचलं, "बाहेरगावी वगैरे, ते असंच लिहितात. पद्धत असते. या वयात कोण जातंय!"

मावशीने सगळ्यांना भात वाढला. मग स्वतःला वाढून घेतला आणि बसली.

"मी दुसऱ्यावर खूण केली," ती म्हणाली. "ती प्रत दुपारीच देऊन आले."

मुलाने पत्र उचलून पुन्हा वाचलं.

"अगं, पण राहणार कुठे? जाणार कशी?" नवऱ्याला एवढंच सुचलं.

"कंपनीचं विश्रामगृह आहे. मंगळवारी सकाळी सहाची गाडी आहे, मी जातेय. गुरुवारी संध्याकाळी परत येईन. दर आठवड्याला."