नोलाचं मागचं दार

ते भांडण मी दहा वर्षांपूर्वी ऐकलं. इकडे परदेशात, मनुरेवात, लेकाकडे येऊन मला वर्षच झालं होतं. कुंपणापलीकडे शेजारची नोला सख्ख्या भावावर, लेनवर, ओरडत होती. ओवी, माझी नात, तेव्हा आठ वर्षांची. तिनं मोडक्या मराठीत अर्थ सांगितला: "आजी, ती म्हणते, तू त्या बाईचं नाव कुणाला सांगितलंस तर माझ्या घरी यायचं नाही." लेन गेला, तो पुन्हा आलाच नाही.

नोला कुणालाच आवडत नसे. मी फोडणी घातली की तिची खिडकी धाडकन बंद. कचऱ्याचा डबा वीतभर सरकला तरी कौन्सिलकडे तक्रार. मीही तिला हसत हसत मराठीत "भवानी" म्हणायची. आणि दर गुरुवारी पहाटे आमच्या मागच्या पायरीवर तिची पिशवी असायची. सिल्व्हरबीट, म्हणजे आपल्या पालकाचा दांडगा भाऊ, आणि चार लिंबं. दार वाजवणं नाही, बोलणं नाही. मला वाटलं, बागेतला कचरा आमच्याकडे टाकते. दोनदा मी पिशवी तिच्या अंगणात भिरकावली. तिनं परत आणून ठेवली.

गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीची एक बाई पुस्तकाची पानं घेऊन तिच्याकडे आली. नोलाची नजर गेलेली, म्हणून ओवी वाचायला गेली. ओवीच्या मागोमाग मीही. एकावन्न सालची हकिगत होती. इथल्या बंदरावरच्या कामगारांना कामावरून बाहेर काढलं होतं, सरकार त्यांना कम्युनिस्ट म्हणत होतं, त्यांच्या घरी अन्न देणंही गुन्हा होता. नोलाचा बाप त्यातलाच.

"एका पुस्तकात माझा बाप रशियाचा हस्तक, दुसऱ्यात हुतात्मा," नोला फणकारली. "आता तू काय लिहिलंस?"

ओवीनं वाचलं: शेजारी भीतीनं लांब राहिले, चोरून मदत केल्याच्या गोष्टी बहुधा मागाहून रचलेल्या.

"रचलेल्या? मी दहा वर्षांची होते. पाच महिने दर गुरुवारी मागच्या दारात पिशवी यायची!"

"कोण ठेवायचं? नाव द्या, मी पान बदलते."

नोलानं टेबलाची कड घट्ट धरली.

"आहे तसं छाप. आणि चालती हो."

बाई गेल्यावर नोलानं आम्हाला सांगितलं. बापाच्या जागी कामावर जो गेला, त्याची बायको पिशवी ठेवायची. बापानं शपथ घेतली होती, फितुरांच्या घरचा घास घेणार नाही. आईनं चर्चचं नाव सांगितलं आणि तो जेवला. कळलं असतं तर मेला असता.

"नाव कुणाला सांगशील तर बघ," मला दम दिला. नाव मी इथंही लिहीत नाही.

पुस्तक छापून आलं, तेच पान घेऊन. नोलानं ओवीकडून ते वाचून घेतलं आणि पुस्तक कोपऱ्यात फेकलं.

यंदाच्या जुलैत एका गुरुवारी सकाळी अँब्युलन्स तिला घेऊन गेली. दुपारी फोन आला, नोला गेली. मी मागचं दार उघडलं. पायरीवर पिशवी होती. सिल्व्हरबीट, चार लिंबं.