कोरी दाखवलेली डिस्क

सुताच्या खळीचा वास आला की मला चिंचोळीच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. चादरीची नक्षी मागाला देणारा आमचा कॉम्प्युटर फार जुना होता, आणि नक्षी काढणाऱ्या मास्तरांचं जन्मभराचं काम एका नव्या, मोठ्या डिस्कवर. जेवायला जाताना मास्तर बजावून गेले, “ही त्या म्हाताऱ्याला लावू नको, त्याला वाचता येत न्हाय. आधी ऑफिसातल्या नव्यावरनं पेनड्राइव्हवर घे.” तेवढ्यात मालक दारात आले. “माग थांबलाय की! मोराची नक्षी दे लवकर.” मी डिस्क सरळ जुन्यालाच लावली. पडद्यावर आलं, डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू? घाईत मी ‘हो’ दाबलं. हिरवी पट्टी सरकायला लागली तेव्हा काय करून बसलो ते कळलं. वायर उपटली, पण उशीर झाला होता. मास्तर आले, तर डिस्क कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडेना. “सकाळी सायकलवरनं पडली होती,” ते हळू म्हणाले, “माझीच चूक.” मी मान डोलावली. त्यांनी चौकटींचा कागद पसरला आणि आठवून आठवून मोर काढायला बसले. मी पेन्सिलीला टोक करून दिलं. मास्तर आता नाहीत. ते असते तर हे लिहायला मी धजलो असतो, असं मला वाटत नाही.