घागरी, टँकर आणि साडूंचं जॅझ

गोदावरीपासून मांजरेपर्यंतच्या सगळ्या मुलखात जॅझ ऐकणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लातूरला भांड्यांचं दुकान. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि दुकानातून आवाज असे यायचे की नवख्याला वाटावं, आत कुणीतरी पितळी पातेल्यांना गुदगुल्या करतंय. हा रोग त्यांना हैदराबादेत जडला. मोडीचं पितळ आणायला गेले, तर पितळेसोबत कुण्या साहेबाच्या बंगल्यातली रेकॉर्डांची पेटीही गळ्यात पडली. घरी येऊन त्यांनी एक लावून पाहिली. "साडूभाऊ, एक माणूस कर्ण्यातून रडून राहिला हुता, आन् रडता रडताच हसून राहिला हुता," ते मला सांगायचे. "मी त्या दिवशी जेवलोच न्हाई." यावर आतून अक्का, म्हणजे त्यांची बायको, ओरडायची, "जेवलाव! चांगल्या चार भाकरी जेवलाव!"

जगाकडे त्यांची मागणी एवढीच होती, की कुणीतरी आपखुशीनं एका रेकॉर्डची एक बाजू शेवटपर्यंत ऐकावी. तांब्या घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी ऐकायला बसवायचे, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तांब्याशिवाय दिवस काढले. रुखवताची भांडी घ्यायला आलेलं उदगीरचं एक अख्खं वऱ्हाड त्यांनी गादीवर बसवलं, चहा पाजला आणि रेकॉर्ड लावली. नवरीचा मामा थोडा वेळ गंभीर बसला, मग हळूच म्हणाला, "शेठ, हे लोक अजून सूरच जुळवून राहिलेत का? गाणं सुरू झालं की हाक मारा, आम्ही समोरच्या दुकानात हाव." वऱ्हाड समोरच्या दुकानात गेलं ते पातेल्या घेऊनच उदगीरला पोचलं. मी स्वतःही कमी प्रयत्न केले नाहीत. नांदेडहून यष्टीनं हाडं खिळखिळी करून घेत जायचो आणि मान डोलवायला जागा शोधत बसायचो. पण जागा सापडेपर्यंत तो वाजवणारा बिऱ्हाड बदलून दुसरीकडेच राहायला गेलेला असायचा. मग मी झोपायचो. साडू मला कधी उठवत नसत. नुसते थोडे हिरमुसायचे. "आपल्या माणसाला गाणं शिदोरीसारखं बांधून घरी न्यावं लागतंय," ते म्हणायचे. "वाटेनं गुणगुणता आलं पाहिजे. हे बांधायचं कसं? हे पाव्हण्यासारखं हाय. आलं, बसलं, गेलं. पुन्हा आलं तर चेहरा निराळा."

मग लातूर जिल्हा झाला. लोकांना त्यात कचेऱ्या दिसल्या, नोकऱ्या दिसल्या. साडूंना श्रोता दिसला. मुंबईचे साहेबलोक बदलून येणार, त्यांत एक तरी जॅझवाला असणारच! "तुमच्या नांदेडला नदी हाय, रेल्वे हाय, समदं हाय," ते मला चिडवायचे, "पर जॅझ ऐकणारा साहेब आमच्याकडंच येणार." आणि खरंच एक मुंबईकडचा साहेब हंडा घ्यायला दुकानात आला. साडूंनी रेकॉर्ड लावली. साहेबांनी डोळे मिटले. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या साली लातुरात दिसलेलं तेवढंच पाणी, असं अक्का पुढं म्हणायची. बाजू संपायला थोडंसं उरलं असताना साहेबांनी डोळे उघडले आणि अदबीनं विचारलं, "रेकॉर्ड अडकली आहे का?"

साडू त्या दिवशी भर बाजाराच्या वेळी दुकान बंद करून घरी आले. मी तिथंच होतो. अक्का भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "पावसाचा भरवसा न्हाई, नळाचा न्हाई, तुमचा तर कधीच नव्हता. माणसाला गाणं तरी भरवशाचं असू द्या की हो!" जॅझ लोकांच्या गळी का उतरत नाही, यावर याहून शहाणं काही मी आजवर ऐकलेलं नाही.

त्या वर्षी पाऊस रुसला नाही, सरळ पळूनच गेला. लातूरचे कावळे पाणी प्यायला सकाळच्या यष्टीच्या टपावर बसून नांदेडला यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे, मी पाहिलेत. टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. साडूंच्या दुकानासमोरच तो थांबायचा. भलीमोठी रांग लागायची, आणि साडूंना वाटलं, जागचं हलता न येणारे असे श्रोते पुन्हा मिळायचे नाहीत. त्यांनी मंडपवाल्याकडून भोंगा आणला, ओट्यावर चढवला आणि आपली सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड लावली. पण जागचं हलता येत नव्हतं ते घागरींना. माणसामागे एक घागर रांगेत ठेवून बाया केव्हाच घरी निघून गेल्या होत्या. साडू त्या रिकाम्या घागरींपुढे हात जोडल्यासारखे उभे राहिले. मी हसलो. "हसा," ते म्हणाले. "पर घागरी घुमत्यात चांगल्या."

मग त्यांनी युक्ती काढली. टँकर कोपऱ्यावर दिसला रे दिसला, की बाया येतातच. रेकॉर्ड तेव्हाच लावायची. आठवडाभरात गल्लीनं एवढंच शिकून घेतलं, की कर्णा वाजला म्हणजे पाणी आलं. पहिल्या सुराला घराघरांतून माणसं धावत सुटायची. "बघा साडूभाऊ," ते मला दंडाला धरून दाखवायचे, "जॅझ ऐकायला गल्ली पळून राहिली!" गल्ली पळत होती हे खरं, पण टँकरची तोटी उघडली की भांडणं, घागरींचा खणखणाट आणि शिव्या यांत तो बिचारा कर्णेवाला बुडून जायचा.

एका दुपारी त्यांना राहवलं नाही. टँकर नव्हता, कुणी नव्हतं. आपलं आपल्याला ऐकावंसं वाटलं. भोंगा बंद करायचं मात्र ध्यानात राहिलं नाही. पहिला सूर निघाला आणि गल्ली उन्हात धावली. ओली बाळंतीण धावली. कोपऱ्यावरची मावशी, जिच्या जिभेला मिरचीची फोडणी होती, अनवाणी धावली, दगडाला ठेचकाळून पडली. गुडघा फुटला, घागरीला पोचा आला. टँकर नाही हे कळल्यावर सगळे रिकाम्या घागरी धरून साडूंकडे नुसते बघत राहिले. बोलली ती मावशीच. "पाण्याची थट्टा करतूस व्हय रे मुडद्या? माती पडो तुझ्या पिपाणीत!"

साडूंनी मावशीला नवी घागर दिली, भोंगा परत केला आणि ती रेकॉर्ड फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. पुढं दुष्काळ सरला, घरोघर नळ आले, तरी त्यांनी ती खाली काढली नाही. मी एकदा विचारलं, कामून? म्हणाले, "ती वाजली की आता मलाबी पाणीच आठवतंय. गाणं राहिलं न्हाई ते."

काही वर्षांनी साडू लिंगैक्य झाले. शेवटपर्यंत ऐकणारा कुणी त्यांना भेटला नाही तो नाहीच. पुढचं सगळं कार्य आटोपल्यावर अक्का म्हणाली, "पाव्हणं, ती काढा माळ्यावरची. एकदा वाजवा." मी दुकानाचं दार उघडं टाकलं आणि रेकॉर्ड लावली. पहिला सूर गेला, आणि थोड्या वेळानं कोपऱ्यावरची मावशी काठी टेकत आली. पार वाकली होती. कडेवर घागर.

"मावशे, टँकर न्हाई ओ आता," अक्का कळवळून म्हणाली. "घरात नळ हाय की तुमच्या."

"ठाव हाय मला. हात आपसूक घागरीकडं गेला." ती पायरीवर टेकली, घागर मांडीवर घेतली. मी रेकॉर्ड बंद करायला उठलो तशी खेकसली, "ऱ्हाऊ दे! आता बघ, हितं त्यो दम घेतूय."

आणि खरंच, त्यानं दम घेतला.

"हितंच पाणी सुरू व्हायचं मेलं," मावशी म्हणाली. "म्होरलं कधी ऐकायलाच गावलं न्हाई."

या वेळी मी झोपलो नाही. अक्का साडूंच्या रिकाम्या गादीकडे बघत होती. बाजू संपली, सुई नुसतीच खरखरत फिरत राहिली, तरी मावशी कान देऊन बसून होती.

"सरलं?"

"सरलं, मावशी."

"हां," ती म्हणाली आणि काठीवर भार देत उठली. उठताना घागर पायरीला लागली, आणि बराच वेळ घुमत राहिली.